अनुभव धागा: नागपूरहून गरम पाण्याच्या झऱ्यांकडे

गरम पाण्याचे झरे म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात, मणिकरण नाहीतर वज्रेश्वरी. एक पार हिमाचलात, दुसरं मुंबईकरांच्या अंगणात. सालबर्डी, उनकेश्वर, अनहोनी ही नावं नागपुरात बऱ्याच जणांनी ऐकलेली असतात, पण गेलेले थोडे आणि गेल्यावर नीट सांगणारे त्याहून थोडे. म्हणून हा धागा.

जाऊन आला असाल तर लिहा. 'स्वर्गीय अनुभव' वगैरे नको. कोणत्या महिन्यात गेलात, गाडी कुठवर गेली, बायकांना कपडे बदलायला आडोसा होता का, म्हातारी माणसं पायऱ्या उतरू शकली का, हे हवं. पाणी किती गरम हे कुणीही सांगतं, बाकीचं कुणी सांगत नाही.

महालकर

सालबर्डीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जवळ तेच. काटोल, वरूड, मोर्शी असं गेलं की सातपुड्याच्या पायथ्याशी गाव लागतं. निम्मं गाव अमरावती जिल्ह्यात, निम्मं मध्य प्रदेशच्या बैतूलमध्ये. ऊन आणि गार, दोन्ही पाण्याचे झरे इथे आहेत. उकळतं पाणी बघायला म्हणून गेलात तर मात्र हिरमोड होईल.

महाशिवरात्रीला जाऊ नका. म्हणजे यात्रेसाठी जायचं असेल तर अवश्य जा, छोट्या महादेवाच्या भुयाराशी त्या दिवसांत मुंगीला जागा नसते, पण झऱ्याचं सुख मिळणार नाही. आम्ही डिसेंबरच्या शेवटी जातो. वरूड-मोर्शीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे असतात, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या संत्र्यांची, तोड सुरू असते, आणि आमचे बाबा प्रत्येक ढिगाऱ्यापाशी गाडी थांबवून भाव विचारतात. घेत काहीच नाहीत. दोन-अडीच तासांचा रस्ता त्यामुळे चार तासांचा होतो, तेवढं हिशेबात धरा.

महानुभाव पंथाचे लोकही इथे येतात. चक्रधरस्वामींचं दीर्घ वास्तव्य या डोंगरात झालं असं ते मानतात. आमची आजी मूळ रिद्धपूरकडची, म्हणजे महानुभावांच्या तीर्थाकडची, तिच्या दृष्टीने झरा दुय्यमच होता.

महालातलीच दुसरी

आडोशाचं कुणीच लिहिलं नाही! सालबर्डीला स्वतःची सोय स्वतःच करायची. आम्ही जुनी नऊवारी आणि दोन काठ्या नेतो, कोपऱ्यात ताणून धरतो. पोहण्याचा ड्रेस वगैरे विसरा, गावची ठिकाणं आहेत. सलवार-कुर्त्यावर अंघोळ, वरून कोरडा गाऊन.

निवृत्त भूवैज्ञानिक, सेमिनरी हिल्स

वर कुणी लिहिलं नाही, पण 'खाली ज्वालामुखी आहे का?' हा प्रश्न मला दर वेळी येतो म्हणून आधीच सांगतो: सातपुड्यात जिवंत ज्वालामुखी नाही. आपला काळा बेसाल्ट खडक म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या लाव्ह्याची ऊब केव्हाच निवली.

पाणी तापतं ते खोलीमुळे. पावसाचं पाणी भेगांमधून खाली उतरतं, आणि जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जातं. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी चांगलंच तापतं. ते वर यायला मात्र झटपट वाट लागते, रेंगाळत आलं तर वाटेतच थंड होईल. ही वाट म्हणजे भ्रंश, खडकातली मोठी चीर. सालबर्डीजवळून गाविलगडचा भ्रंश जातो. नकाशा उघडून बघा: जळगावकडचं उनपदेव, आपली सालबर्डी, पिपरियाच्या बाजूचं अनहोनी, पार छत्तीसगडातलं तातापानी, ही सगळी नर्मदा-तापी-सोन या एकाच पट्ट्यात ओळीने बसलेली आहेत. जबलपूरचा १९९७ चा भूकंपही याच पट्ट्यातला.

सहलीच्या दृष्टीने यातून एक गोष्ट घ्या. पावसाळ्यात वरच्या थरातलं गार पाणी झऱ्यात मिसळतं, नदीकाठचा झरा तर पुराखालीच जातो. पाऊस पूर्ण ओसरल्यावर जा.

फटफटीवाला, मानेवाडा

अनहोनीचं मी सांगतो. सकायी अंधारातच निंगालो. सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया. सौंसरपर्यंत मराठी बिनधास्त चालते, छिंदवाड्यापुढे हिंदी सुरू. जामसावळीच्या झोपलेल्या हनुमानापाशी नाश्ता, ते तर नागपूरवाल्याले सांगाचं कामच नाही.

तामियाच्या पुढं झिरपा-महुलझिर लागते, पिपरियाच्या रस्त्यानं. तिथून आत झरा आहे. दुरूनच गंधकाचा वास येते, पाण्यातून बुडबुडे निंगत राह्यतात. दोस्त म्हणे, "बे, अंडं सडलं का इथं?" मी म्हटलं हेच तं पाह्याले आलो ना भाऊ.

एका दिवसात जाऊन-येऊन करतो म्हणणाऱ्याले माझा हात जोडून नमस्कार. नागपूर-छिंदवाडाच सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, अन् पुढचा रस्ता घाटाचा, जंगलाचा. तामियात मुक्काम करा. सकायी पातालकोटची दरी पाहा, मंग झरा. घाटात मोबाईलले रेंज सापडत नाही, घरच्याले आधीच सांगून ठेवा, नाहीतर माय पोलिसात जाते. पेट्रोल परासियातच भरून घ्या.

रेल्वेनं जाचं असंन तं इतवारीहून छिंदवाड्याले आता मोठ्या रुळाची गाडी आहे. लहानपणीची छोटी लाईन गेली. पुढं बस नाहीतर जीप.

धरमपेठहून

चांदी काढून ठेवा. मी अनहोनीला जोडवी आणि पैंजण घालून पाण्यात पाय सोडून बसले, बाहेर आले तर सगळं काळंकुट्ट. पाण्यातला गंधक चांदीला लागतो, बाकी काही नाही, दंतमंजनाने घासलं की उतरतं. पण सासूबाई सोबत असतील तर आधीच काढलेलं बरं, जोडवी काळी पडली म्हणजे त्यांच्या मनात नाही नाही ते येतं.

धागाकर्ती

हे अगदी उपयोगाचं! उनकेश्वरबद्दल कुणी?

वर्धा रोड

उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात. अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड, मध्ये पैनगंगा. हैदराबाद रोडने पांढरकवड्यापर्यंत सरळ, तिथून आत वळायचं. बरेच जण माहूरच्या रेणुकामातेला जोडून करतात, आम्हीही तसंच केलं आणि तेच सोयीचं पडतं, कारण राहायची सोय माहूरला जास्त चांगली.

आईला वर्षानुवर्षं सोरायसिस. शरभंग ऋषींना त्वचारोग होता, रामाने बाण मारून गरम पाणी काढलं आणि ते बरे झाले, ही तिथली कथा. (तीच कथा उनपदेवलाही सांगतात. ऋषी फिरते असावेत.) तिथे पथारी टाकून राहणारे लोक भेटले, कुणी कर्जतहून आलेला, कुणी जिल्हा रुग्णालयाला कंटाळून. एक काका रोज सकाळ-संध्याकाळ कुंडात बसत आणि नंतर वडाखाली सगळ्यांना चहा पाजत. आईची खाज कमी झाली, झोप लागली. डाग मात्र आहेत तसेच आहेत. तिची औषधं आम्ही एक दिवसही बंद केली नाहीत आणि तुम्हीही करू नका. तिथे कुणीतरी हमखास म्हणतं, "गोळ्या सोडा, पाण्यावर विश्वास ठेवा." हसून मान हलवायची आणि गोळी घ्यायची.

एकच विचार करायला लावणारी गोष्ट. उघड्या जखमा असलेली माणसंही पाण्यात असतात. आईला आम्ही पहाटे, गर्दीआधी, वाहत्या धारेखाली बसवायचो, साचलेल्या कुंडात नाही.

परिचारिका, मेडिकल चौक

वरच्या बाईंनी लिहिलं ते शंभर टक्के. माझी भर: जुना मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. त्यांना पाणी पोळतंय हे कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. आधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दहा मिनिटांत बाहेर यायचं आणि झटकन उभं राहायचं नाही. गरोदर बायकांनी काठावरूनच बघावं. साबण-शांपू कुणीच नेऊ नये.

इंदोरा

आमच्या वस्तीतून हिवाळ्यात बोधगयेला बस जाते, बिहारमधलं राजगीर त्यातच असतं. वैभार टेकडीच्या पायथ्याशी कुंडं आहेत, ब्रह्मकुंड सगळ्यात गरम, ४५ अंशांच्या आसपास. थंडीत खूप गर्दी, त्यामुळे पहाटेच उतरायचं.

हे झरे बुद्धकाळातलेच, पालीत 'तपोदा'. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, गोष्ट आहे. राजा बिंबिसार तिथे स्नानाला आला आणि भिक्खूंचं आटोपण्याची वाट बघत बसला. भिक्खू काही लवकर उठेनात. राजाची अंघोळ होईपर्यंत इतका उशीर झाला की नगराचा दरवाजा बंद झाला आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. त्यावरून भिक्खूंनी पंधरवड्यातून एकदाच स्नान करावं असा नियम झाला. पुढे उन्हाळा, आजारपण, प्रवास यांसाठी सूट आली. आमच्या बसमधले काका हे वाचून दाखवायचे आणि मग कुंडात तासभर बसणाऱ्यांना हाक मारायचे, "बिंबिसार थांबलाय, उठा!"

भाऊ अंबिकापुरात नोकरीला

तातापानी. दुर्गहून अंबिकापूरची गाडी, पुढे रामानुजगंजच्या रस्त्याने. हे अंघोळीचं ठिकाण समजून जाऊ नका. काही ठिकाणी पाणी उकळायला आलेलं असतं, लोक त्यात तांदूळ-बटाटे शिजवतात. लहान मुलांचा हात सोडायचा नाही. संक्रांतीला मोठा मेळा भरतो. नागपूरहून केवळ झऱ्यासाठी इतकं लांब जावं का? माझ्या मते नाही. भाऊ तिथे आहे म्हणून मी जातो.

लक्ष्मीनगर

लडाखला नुब्रातल्या पनामिकला गेलो होतो. खारदुंग ला ही खिंड ओलांडून गेल्यावर गरम पाणी दिसलं की कुणालाही तासभर पडून राहावंसं वाटतं. पण ते ठिकाण तीन हजार मीटरच्या वर आहे आणि आपण तीनशे मीटरवरून आलेले. सोबतचा धडधाकट मुलगा दहा मिनिटांत गरगरून बाहेर आला. लेहमध्ये दोन दिवस काढल्याशिवाय तिकडे जाऊच नये.

मेडिकल चौकाला प्रश्न, बेसा

वडील पंच्याहत्तरचे, मधुमेह आहे, पण हट्ट धरून बसलेत. सालबर्डी की उनकेश्वर?

परिचारिका, मेडिकल चौक

सालबर्डी. रस्ता कमी, रात्री घरी परत. पायात रबरी चप्पल ठेवूनच पाण्यात, आणि घरी आल्यावर तळवे उजेडात बघा.

महालकर

आणि मोर्शीच्या बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गाडी अर्धा तास अडकते. काकांना संत्र्याचे भाव विचारायची सवय असेल तर आमच्या बाबांशी गाठ घालून देतो.