मदत हवी आहे: ब्यूट, मोंटाना इथले आयरिश खाणकामगार

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या पणजोबांचा माग काढतेय. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या अलिहीज गावचे, आडनाव सुलिवन. तिथल्या तांब्याच्या खाणी 1880 च्या दशकात बंद पडल्या आणि गावंच्या गावं मोंटानातल्या ब्यूटला गेली. तिथे अ‍ॅनाकोंडा खाणीचा मालक मार्कस डेलीही आयरिशच, कॅव्हनचा. त्यामुळे आपल्या माणसांना काम मिळे.

सासूबाईंकडे एक फोटो आहे: लाकडी घराच्या पायरीवर हातात जेवणाचा डबा घेतलेला तरुण, मागे पेन्सिलने फक्त ‘डब्लिन गल्च’, म्हणजे ब्यूटमधली आयरिश वस्ती. बाकी काही नाही.

अडचण अशी की ब्यूटमध्ये सुलिवन पोत्याने सापडतात, त्यात नावंही तीच तीच. 1900 च्या जनगणनेत स्थलांतराचं वर्ष आहे, पण आयर्लंडमधलं गाव नाही. 1906 पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांतही बहुतेकदा नुसतं ‘आयर्लंड’. आयर्लंडच्या जुन्या जनगणना तर बऱ्याचशा डब्लिनच्या अभिलेखागाराला 1922 मध्ये लागलेल्या आगीत गेल्या.

एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं कसं काढायचं? चर्चच्या लग्ननोंदीत आईवडिलांचं गाव लिहीत का? ब्यूट-सिल्व्हर बो अभिलेखागाराशी कुणी पत्रव्यवहार केलाय का? आणि डब्लिन गल्चमधली रोजची राहणी कळेल असं काही वाचलं असेल तर नक्की सांगा. 1955 पासून खोदलेल्या बर्कली पिट या प्रचंड उघड्या खाणीने तिथल्या जुन्या वस्त्या गिळल्या, म्हणून कागदांवरच भिस्त आहे. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना हे कळावं असं फार वाटतं.