शांत जागेने लिहिते केले, ते नेमके कसे?

निसर्गाच्या सान्निध्यात लिहायला सुचते, असे आपण सहज म्हणून जातो. पण नेमके काय सुचले आणि ते कागदावर कसे उतरले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून विनंती अशी की, सूर्यास्ताचे वर्णन शक्यतो टाळावे आणि एखाद्या जागेमुळे आपल्या लेखनातली कोणती ओळ किंवा कोणता प्रसंग बदलला, तेवढे लिहावे. सुरुवात मीच करते.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मी अनेक वर्षे सकाळी फिरायला जाते. तिच्यावरच्या माझ्या कवितेत ‘हिरव्या वनराईत न्हालेली टेकडी’ अशी एक ओळ होती आणि ती मला फार आवडत असे. झाडांची जाण असलेल्या एका काकांनी ती ऐकून घेतली आणि शांतपणे सांगितले की, त्यातली बरीचशी हिरवाई म्हणजे गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी असेही म्हणतात, ते मध्य अमेरिकेकडून आलेले आणि वनीकरणात लावलेले झाड आहे. टेकडीचा मूळ स्वभाव गवताचा आणि विरळ झाडांचा. त्यानंतर पंधरा दिवस मी त्या झाडांखाली वाकून पाहत होते. तिथे वाळक्या पानांचा थर होता आणि त्यातून वर आलेले जवळजवळ काहीच नव्हते; दहा पावलांवरच्या उघड्या उतारावर मात्र गुडघाभर गवत होते, ज्याची कुसळे घरी आल्यावर पायमोज्यांतून एकेक करून काढावी लागत. ती ओळ मी खोडली. नवी कविता कुसळांवर झाली. ती पहिलीइतकी गोड नाही, हे मैत्रिणींनी लगेच सांगितले.

– कोथरूड

माझ्या कथेतल्या म्हातारा-म्हातारीचे संवाद कित्येक महिने जमत नव्हते. रोवणी झाल्यावर एका सकाळी धानाच्या बांधीत सारसांची जोडी दिसली. दोघांनी माना उंचावून हाक दिली, आणि कोणाची हाक कुठे संपली ते मला शेवटपर्यंत कळले नाही. आता कथेत म्हातारा वाक्य सुरू करतो आणि म्हातारी ते पुरे करते.

– गोंदिया

आमचे आजोळ मालगुंडचे, म्हणजे केशवसुतांचे जन्मगाव; त्यामुळे तिथे गेल्यावर काहीतरी सुचलेच पाहिजे, असे दडपण लहानपणापासून होते. सुचले ते पागोळ्यांमुळे. आजी पडवीच्या कडेला कळशी लावून ठेवत असे, आणि ती भरत जाई तसतसा पाण्याचा आवाज खर्जातून वर चढत जाई. माझ्या कादंबरीतले पावसाळ्याचे प्रकरण त्याच आवाजावर बेतले आहे: वाक्ये आखूड होत जातात आणि कळशी भरली की प्रकरण थांबते.

– रत्नागिरी

माझा अनुभव थोडा उलटा आहे. २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलारला मी खास लिहिण्यासाठी चार दिवसांची रजा टाकून गेलो आणि घराघरांत ठेवलेली पुस्तके वाचत बसलो. स्वतःची एक ओळही झाली नाही. परतताना पसरणी घाटात शेजारच्या बाई स्ट्रॉबेरीची पेटी मांडीवर घेऊन, प्रत्येक वळणाला ती उलट बाजूला कलती करत बसल्या होत्या. कथेची पहिली ओळ मी एसटीच्या तिकिटामागे लिहिली. धक्क्यांमुळे त्यातले दोन शब्द मला अजून लागलेले नाहीत.

– ठाणे