तळ्याचा गाळ मुळापासून उपसायचा का? पिसवांच्या अंड्यांचं काय?

तळ्याकाठची
आमच्या गावच्या तळ्याचा गाळ यंदा जेसीबीने पार तळापर्यंत काढायचं घाटतंय. माझा विरोध आहे.

गेल्या एप्रिलात सुकून भेगाळलेल्या काठाचा मूठभर गाळ बरणीत घातला, वर विहिरीचं पाणी ओतलं. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर पांढुरके ठिपके झटके देत वरखाली करतायत. पाण्यातल्या पिसवा! मासे पाळणारे मोइना, डॅफ्निया म्हणतात त्या. पाणी नि खाणं मुबलक असतं तोवर माद्या नराशिवायच पिल्लं देतात. तळं आटू लागलं, दाटी झाली, की नर निपजतात आणि टणक कवचातली अंडी पडतात. भिंगातून ते कवच घोड्याच्या खोगिरासारखं दिसतं, आत एक-दोन अंडी. पावसात तळं भरलं की त्यातूनच नव्या पिसवा येतात. त्या शेवाळ खातात, माशांची पिल्लं त्यांना खातात. हे बियाणं ट्रकात भरून कुठल्या भरावात टाकणार?

वायंगणवाला
ताई, तळं आधी शेताच्या पाण्यासाठी. माझ्या लहानपणी जिथे गळ्याइतकं पाणी असायचं, तिथे आता फेब्रुवारीत गुडघाभर. वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर तळ्याच्या पाण्यावर घेतलेलं भात ऐन पोटरीत तहानतं. आजोबा हाच गाळ माडांच्या आळ्यांत घालायचे, तरी पिसवा उरल्याच ना? शिवाय खताचा, सांडपाण्याचा फॉस्फरस त्या गाळात मुरलाय. तो न काढता हिरवा तवंग कसा जाणार?

फोंड्याचा मास्तर
फॉस्फरसचं खरं आहे. आपली जांभ्याची माती लोहयुक्त, लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. पण तळाशी प्राणवायू संपला की ती पकड सुटते आणि फॉस्फरस पाण्यात येतो.

तरीही मी ताईंच्या बाजूने. थरावर थर साचलेला गाळ ही तळ्याची रोजनिशी आहे. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात फॉस्फरस वाढला, विषारी नीलहरित शेवाळ वाढलं. तिथल्या गाळातली वेगवेगळ्या दशकांतली अंडी उबवून पाहिली, तर नंतरच्या पिसवा ते शेवाळ जास्त पचवत होत्या. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका सरोवरातली सुमारे ७०० वर्षांपूर्वीची अंडीसुद्धा उबली!

गाळवाचक
मास्तर, ती सरोवरं खोल, थर न ढवळलेले. शिसे-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) वापरून थराचं वय काढतात ते थर जागचे हलले नसतील तरच. आपल्या तळ्यात उन्हाळ्यात म्हशी लोळतात, काही ठिकाणी नांगरही फिरतो. इथे कालची नि चाळीस वर्षांपूर्वीची अंडी एकत्र कालवलेली. रोजनिशी म्हणून गाळ राखा म्हणणं मला पटत नाही.

तळ्याकाठची
रोजनिशी नसेल, बियाणं तर आहे. आजोबा पाटीने काढायचे, एका साली एक भाग. यंत्र एका आठवड्यात सगळा तळ खरवडतं. माझं मागणं एवढंच: मानशीजवळचा, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशचा चौथा हिस्सा यंदा सोडा, तो पुढच्या वर्षी काढा.

वायंगणवाला
मानशीजवळच पाणी सर्वांत खोल हवं, तिथे सोडता येणार नाही. टप्प्याटप्प्याने काढायला मात्र माझी हरकत नाही. वरच्या टोकाचा कोपरा सोडायला मी ग्रामसभेत हात वर करीन.

तळ्याकाठची
भाऊ, वरच्या टोकाला वाड्यावरचं सांडपाणी उतरतं. सगळ्यात काळा, कुजका गाळ तिथलाच, तो खुशाल काढा. पूर्वेची कड सोडा. माझ्या बरणीतली माती तिथलीच होती.

वायंगणवाला
पूर्वेच्या कडेला किती रुंद पट्टा? रविवारी दोरी घेऊन या, मोजून ठरवू.