खाली घेतलेल्या स्विफ्टला मागे २० मिमीचे स्पेसर

सस्पेन्शन कमी करून खाली घेतलेल्या स्विफ्ट गाडीला मागे २० मिमीचे स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्यामध्ये घालायची चकती) चालतील का, या आपल्या प्रश्नावर थोडी भर घालतो. इतक्या जाडीने ४५ ऑफसेटचे (ऑफसेट म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिमीमधले अंतर) व्हील २५ चे ठरते आणि टायर तेवढाच बाहेर येतो. रिकाम्या गाडीत टायर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यामध्ये दिसणारी फट फसवी असते; यवतमाळ-वणीकडच्या काळ्या मातीवरील रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे उंचसखल होतात, म्हणून मागे तिघांना बसवून फेंडरच्या आतील कडेपर्यंतचे अंतर मोजावे. माझ्या मते १० मिमी पुरे, दिसायला थोडे कमी उठावदार असले तरी. स्पेसर ५४.१ मिमीच्या हबवर घट्ट बसणाराच घ्यावा, नट किमान १२ मिमी आट्यांवर चढतो का ते पाहावे आणि शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना) नट पुन्हा तपासावेत.