आईवडिलांना घेऊन मुंबईहून क्रूझ: गोवा की लक्षद्वीप, आणि सांगलीहून बंदरापर्यंत कसे पोहोचावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

येत्या हिवाळ्यात मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर सहकुटुंब जाण्याचा विचार आहे. आम्ही पाच जण आहोत: वडील (वय ७४, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली), आई (वय ६९, मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू), आम्ही दोघे आणि नऊ वर्षांची मुलगी. मांसाहार आम्ही कोणीच करत नाही.

या सहलीमागे एक कारण आहे, ते सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही. वडिलांचे मूळ गाव विजयदुर्गाजवळ. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ते मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावी जात. बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी राही, खालच्या पडावात (लहान होडीत) उतरताना खलाशी मुलांना काखेत धरून उचलून देत, आणि पडाव किनाऱ्याला लागेपर्यंत आजी डोळे मिटून बसत असे. हे सारे ते आजही तपशीलवार सांगतात. नोकरीनिमित्त सांगलीत आल्यावर समुद्र सुटला तो सुटलाच. पुन्हा एकदा बोटीने मुंबईहून दक्षिणेकडे जावे, एवढीच त्यांची इच्छा आहे.

प्रवासी कंपनीने आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत: गोव्याला जाऊन परत येणारी छोटी सफर, किंवा लक्षद्वीपची चार-पाच दिवसांची सफर. लक्षद्वीपची छायाचित्रे पाहून मुलीचे आणि पत्नीचे मन तिकडे ओढते आहे. यांतील कोणती निवडावी, कोणता महिना बरा, आणि सांगलीहून त्याच दिवशी पहाटे निघून बंदर गाठता येईल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदीतला माणूस

मी मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दोन्ही सफरी केल्या आहेत, म्हणून क्रमाने लिहितो.

आपण प्रश्नात पडावाचा उल्लेख केला आहे आणि उत्तरही त्यातच आहे. लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची आहेत. बेटाभोवतीचे पाणी उथळ असल्यामुळे मोठे जहाज आतपर्यंत जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून अगत्तीसारख्या बेटावर नेतात. जहाजाच्या बाजूला खालच्या पातळीवर एक दार उघडते, समोर बोट वरखाली होत असते, आणि ती वर आली की पाऊल टाकायचे असते. दोन्ही बाजूंनी खलाशी हात धरतात हे खरे, परंतु त्या क्षणी शरीराचा सगळा भार एका गुडघ्यावर येतो. माझे गुडघे शाबूत असूनही मला तिथे थांबून श्वास घ्यावा लागला होता. शिवाय समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणे रद्द होते आणि ज्यासाठी पैसे मोजले ते ठिकाण डेकवरूनच पाहून परतावे लागते. भारतीय नागरिकांनाही लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो. तो बहुधा जहाज कंपनीच काढून देते, पण त्यासाठी कागदपत्रे बरीच आधी द्यावी लागतात.

गोव्याच्या सफरीत जहाज मुरगाव बंदरात थेट धक्क्याला लागते आणि प्रवासी कठडा असलेल्या उतरत्या पुलावरून चालत बाहेर येतात. त्यामुळे आपल्या वडिलांसाठी गोवाच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीला लक्षद्वीप पुढे कधीही पाहता येईल.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वडिलांची निराशा होणार नाही. पूर्वीची कोकणबोट बंदर घेत घेत किनाऱ्याच्या कडेने जात असे. आजचे क्रूझ जहाज मासेमारीच्या होड्या आणि जाळी टाळण्यासाठी किनाऱ्यापासून पुष्कळ दूर राहते, आणि कोकणच्या किनाऱ्यासमोरून जाताना बहुतांशी रात्रच असते. विजयदुर्गाचा बुरूज दिसेल या आशेने ते डेकवर जागत बसले, तर काळोखाशिवाय हाती काही लागायचे नाही. त्याऐवजी दोन वेळा जरूर साधाव्यात. पहिली, मुंबई सोडतानाची: जहाज गोदीतून निघाले की संध्याकाळच्या उजेडात कुलाब्याची किनारपट्टी मागे सरकत जाते. दुसरी, मुरगावात शिरतानाची: पहाटे उठून डाव्या बाजूच्या कठड्यापाशी उभे राहावे. उत्तरेकडे आग्वादचे टोक आणि काबोचा डोंगर असतो, तिथे उपसागराचे तोंड उघडते आणि जहाज अगदी सावकाश आत वळते. तेवढ्या अर्ध्या तासात त्यांना त्यांचा जुना समुद्र ओळखू येईल, असे मला मनापासून वाटते.

महिन्याविषयी: आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला असे म्हणतात, परंतु क्रूझसाठी तेवढ्यावर विसंबू नये. पावसाळ्याआधी आणि तो संपल्यावरही अरबी समुद्रात वादळे होतात; २०१९ च्या ऑक्टोबरमधले 'क्यार' चक्रीवादळ आणि मे २०२१ मधले 'तौक्ते' अनेकांना आठवत असेल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत. त्यातही शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत जहाजावर रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात संगीत चालू असते आणि ज्येष्ठांना झोप मिळत नाही.

लोणावळ्यापलीकडचा

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. मी केवळ बंदर गाठण्याविषयी लिहितो, कारण त्या एका चुकीची किंमत आम्ही मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे पुण्याहून त्याच दिवशीच्या सकाळच्या गाडीने निघालो. हिशेबाने अकराच्या आत मुंबईत पोहोचायचे होते आणि बंदरात हजेरीची वेळ दुपारी दोनची होती, म्हणजे हाताशी तीन तास होते. घाटात पुढच्या मालगाडीचे इंजिन बंद पडले. आमची गाडी मंकी हिलच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. खिडकीतून समोरचा तो एकच धबधब्याचा कोरडा कातळ आम्ही साडेतीन तास पाहत होतो. धक्क्याच्या दाराशी पोहोचलो तेव्हा नोंदणी बंद झाली होती आणि जहाज मात्र अजून समोर उभे होते. गोव्याला गाठून तिथे चढतो, असे विचारून पाहिले. प्रवाशांची यादी निघण्याआधीच सादर झालेली असल्याने तेही नाकारले गेले. पैसे परत मिळाले नाहीत. माझ्या आईने शिवलेली नवी साडी पिशवीतच राहिली.

म्हणून सांगलीहून त्याच दिवशी पहाटे निघण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. आपण आदल्या दिवशीच्या कोयना एक्स्प्रेसने यावे. ती दिवसाची गाडी आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला संध्याकाळी उशिरा पोहोचते. रात्री फोर्ट परिसरात एखाद्या साध्या हॉटेलात मुक्काम करावा. आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी पोहोचते, हा दुसरा पर्याय आहे. परंतु रात्रभराच्या प्रवासानंतर दुपारपर्यंत ज्येष्ठांना बसवायचे कुठे, हा प्रश्न उरतो आणि गाडीला उशीर झाला तर हाताशी फारसा वेळ राहत नाही.

टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, दीड किलोमीटरच्या आसपास आहे. स्थानकाच्या मुख्य दाराने बाहेर न पडता पी. डि'मेलो रस्त्याच्या बाजूने बाहेर पडावे, कारण ती बाजू गोदीकडची आहे आणि सामानासह पायऱ्या चढ-उतार कमी होते. टॅक्सीवाल्याला नुसते 'क्रूझ' किंवा 'बोट' असे सांगू नये. मांडव्याची रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते, एलिफंटाची गेटवेवरून, आणि 'बोट' म्हटले की चालक या दोनपैकी कुठे तरी नेतो. 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असे सांगावे आणि तिकिटावर छापलेले दार तेच आहे ना, ते आधी तपासावे. तिथले नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. नोंदणीच्या आणि इमिग्रेशनच्या मिळून ७२ खिडक्या तिथे केलेल्या असल्यामुळे पूर्वीसारखे मांडवाखाली ताटकळावे लागत नाही.

विमानाने येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक ओळ: मेट्रो ३ आता विमानतळापासून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत आणि पुढे कफ परेडपर्यंत धावते.

परतीच्या दिवशी जहाज सकाळी लागते, पण सगळे प्रवासी उतरायला वेळ जातो. कोयना मुंबईहून सकाळी पावणेनऊच्या आधीच सुटते, त्यामुळे तिचे आरक्षण अजिबात करू नये. रात्रीची महालक्ष्मी धरावी आणि मधल्या वेळेसाठी सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून लहान कुलुपे बरोबर आणावीत.

सिंधुताराका

मी सिंगापूरला राहते, म्हणून एक पर्याय केवळ सुचवते. आपल्याकडची बरीच मंडळी पहिली क्रूझ इथूनच करतात आणि इथली जहाजे मोठी असतात. परंतु सिंगापूरचा व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो, आणि जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येत असल्यामुळे पुन्हा प्रवेश करता येईल असाच व्हिसा असणे आवश्यक असते. इथे जहाजांची दोन वेगवेगळी टर्मिनले आहेत, एक मरीना बे आणि दुसरे हार्बरफ्रंट. ऐन वेळी चुकीच्या ठिकाणी उतरलेली मराठी कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. आपल्या वडिलांची इच्छा मात्र मुंबईहून दक्षिणेकडे जाण्याची आहे. ती इथे पुरी होणार नाही, त्यामुळे मी गोव्याच्याच बाजूने आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदीतल्या काकांचे उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. विजयदुर्ग दिसणार नाही हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आग्वादच्या दीपगृहाबद्दल आम्हाला तेव्हाही पणजीला जाणाऱ्यांकडूनच ऐकायला मिळायचे, आता स्वतः पाहू." गोवा निश्चित केले आहे, जानेवारीतील आठवड्याच्या मधले दिवस. आदल्या दिवशीच्या कोयनेचे आरक्षणही करणार आहोत.

आता केबिनचा प्रश्न उरला आहे. कंपनी पाच जणांसाठी चौघांची एक आणि एकाची एक अशा दोन केबिन सुचवते आहे. खिडकी नसलेली आतली केबिन बरीच स्वस्त आहे. आईला बस लागते, त्यामुळे बोटही लागेल अशी भीती वाटते.

वैद्य_रत्नागिरी

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि तीन क्रूझ केल्या आहेत.

चौघांच्या केबिनमधील दोन बिछाने भिंतीतून खाली ओढायचे असतात आणि त्यावर शिडीने चढावे लागते. ते मुलीसाठी ठीक आहे, ज्येष्ठांसाठी मुळीच नाही. आईवडिलांना एक केबिन आणि आपणा तिघांना शेजारची, अशी मागणी करावी. दर विचारताना बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी धरून एकूण रक्कम लेखी मागावी, कारण जाहिरातीतील आकडा बहुधा यांशिवायचा असतो.

जहाजाची नाळ (पुढचे टोक) आणि पिछाडी सर्वांत जास्त वरखाली होते, तर मध्यभागी आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. म्हणून आईवडिलांची केबिन मध्यभागी, खालच्या डेकवर आणि लिफ्टजवळ असावी. पैसे वाचवायचे असतील तर आपण तिघांनी आतली केबिन घ्यावी, पण त्यांना खिडकी असलेलीच द्यावी. क्षितिज दिसत राहिले की बोट लागण्याचा त्रास कमी होतो. गोळी घ्यायची असेल तर ती निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा विशेष उपयोग होत नाही. मात्र या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात, म्हणून दोघांसाठीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. साधा आलेपाक जवळ ठेवायला हरकत नाही, फक्त आईच्या साखरेचा हिशेब धरावा.

केबिनच्या न्हाणीघराला बऱ्याच जहाजांवर उंच उंबरा असतो. रात्री झोपेत उठल्यावर पाय नेमका तिथे अडतो. माझ्या सासूबाई पहिल्याच रात्री तिथे पडल्या होत्या. पहिल्या दिवशीच वडिलांकडून तो उंबरा दिवसाउजेडी चार वेळा ओलांडून घ्यावा आणि रात्री न्हाणीघरातील दिवा सुरू ठेवावा. निघण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांचा सुरक्षा सराव होतो. तो सक्तीचा आहे आणि त्यात काही वेळ उभे राहावे लागते, तेव्हा व्हीलचेअरची मागणी आरक्षण करतानाच नोंदवावी.

किनारा सुटला की मोबाइल जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचे बिल फार मोठे येते, म्हणून पाचही फोन फ्लाइट मोडवर ठेवावेत.

शेवटी इन्सुलिनबद्दल. टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला कित्येक तास लागतात. आमची एक बॅग रात्री नऊनंतर आली. इन्सुलिन, सुया, साखर तपासण्याचे यंत्र, डॉक्टरांचे पत्र, पाचही जणांची मूळ ओळखपत्रे आणि दुपारच्या वेळचे खाणे एका लहान पिशवीत घालावे आणि ती पिशवी आईच्या स्वतःच्या खांद्याला असावी.