वंशावळ लावायला प्रमाणपत्र हवंच का?

हडसनकाठ
आठ वर्षं झाली, न्यू जर्सीत नोकरी सांभाळून लोकांच्या वंशावळी लावून देतोय. यंदा 'सर्टिफाइड जिनिऑलॉजिस्ट' व्हायचं मनावर घेतलंय. बायकोचा पहिला प्रश्न: पैसे वाढतील का? बहुतेक नाहीत. अमेरिकेत या कामाला परवाना लागत नाही. उद्या सकाळी कुणीही पाटी लावावी. तरी माझं मत असं, की दुसऱ्याकडून पैसे घेऊन त्याचे पूर्वज ठरवणाऱ्याने एकदा तरी परीक्षकांपुढे उभं राहावं.

हे प्रमाणपत्र देणारं बोर्ड १९६४ सालचं. हॉलमध्ये बसून पेपर लिहायचा नसतो, स्वतःच्या कामाचं बाड पाठवायचं असतं. त्यात बोर्डाने दिलेल्या जुन्या कागदाची नक्कल आणि चिकित्सा, दुसऱ्यासाठी केलेल्या शोधाचा अहवाल, पुरावे एकमेकांना छेद देतात असं एखादं प्रकरण, आणि सलग तीन पिढ्यांचा वृत्तांत. बाप-लेक हे बाप-लेकच कशावरून, ते कागदानिशी दाखवायचं. बाड तयार करताना कुणाकडून तपासून घ्यायचं नाही. पास झालात तरी पाच वर्षांनी पुन्हा काम दाखवा. डॉक्टरांनाही लोक इतकं सोलत नाहीत.

मोडीवाला
हौस म्हणून करा, पण आपल्या कागदांना त्याचा काय उपयोग? एक उदाहरण देतो. मागच्या वर्षी एका घराण्याचं मोडी पत्र आलं. मिती आहे आणि पुढे नुसतं 'सन १२११'; फसली की सुहूर, कोणत्या जुन्या कालगणनेतलं ते नाही. फसली धरलं तर १८०१-०२, सुहूर धरलं तर १८१०-११. नऊ वर्षांचा फरक! घरच्यांनी फसली धरून वंशवृक्ष छापून टाकला होता. त्या हिशेबाने पत्रातला मुलगा सहा वर्षांचा, आणि पत्रात तो कमावीसदाराकडे, म्हणजे महसूल अधिकाऱ्याकडे, कारकून! सुहूर धरलं की पंधरा वर्षांचा होतो आणि सगळं जागेवर बसतं. हे मला कुणा बोर्डाने शिकवलं नाही. गुरुजींसमोर मांडी घालून जुन्या कागदांचे रुमालच्या रुमाल वाचले, तेव्हा कळलं.

हडसनकाठ
मोडीवाले, तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. पुरावे छेद देतात ते प्रकरण म्हणजे नेमकं हेच. फरक एवढाच की तुम्ही ते डोक्यात सोडवलंत. सुहूर का धरलं, फसली का सोडलं, हे लिहून त्या घराण्याला दिलंत का?

मोडीवाला
तोंडी सांगितलं. समजलं त्यांना.

हडसनकाठ
आणि त्यांचा नातू उद्या पुन्हा १८०१ छापणार.

रिकामा_खिसा
मी दोन वर्षं पोटापाण्यासाठी हे काम केलंय, म्हणून बोलतो. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं: किती दिवस आणि किती पैसे. नावापुढे कुठली अक्षरं आहेत हे एकानेही विचारलं नाही. उलट ज्याने ऑनलाइन झाडावरून जसंच्या तसं उतरवून फ्रेम करून दिलं, त्याच्याकडे रांग. बाड करण्यात वर्ष घालवायचं आणि नापास झालं तर? तेवढ्या वेळात दहा कामं होतात.
आणि लबाड माणूस प्रमाणपत्रानेही लबाडच राहतो.

हडसनकाठ
लबाडीवरून सांगतो. गुस्ताव आंजू नावाचा एक इसम अमेरिकेतल्या धनिकांना युरोपातल्या खानदानी वंशावळी बनवून विकायचा, खोटे दाखले घालून. तो १९४२ साली वारला. त्याच्या वंशावळींतल्या खोट्या नोंदी त्यानंतरही लोक बिनधास्त उतरवत राहिले. प्रमाणपत्राने चोर थांबत नाही हे कबूल. पण प्रत्येक वाक्याखाली 'हे कुठून आणलं' लिहायची सवय लागली, तर चोरी पकडणं सोपं जातं.

कोकणातली_सून
माझं मत हडसनकाठ यांच्याच बाजूने आहे, पण वेगळ्या कारणाने. आमच्या सासरचा कुलवृत्तांत जाडजूड आहे, कापडी बांधणीचा. घरोघर फॉर्म पाठवले, जे भरून आलं ते छापलं. त्यात माझ्या चुलत आजेसासूबाईंच्या यजमानांपुढे 'निपुत्रिक' लिहिलंय. त्यांना दोन मुली होत्या! एकीच्या मांडीवर माझे सासरे वाढले. संपादकांपैकी एकाला विचारलं तर म्हणाले, "मुली दुसऱ्या कुळात गेल्या." बरं, गेल्या, पण जन्मल्या तर होत्या ना?
दत्तकांचंही तसंच. रक्ताचा बाप कोण, मांडीवर कुणी घेतलं, दोन्ही लिहिलेली घराणी मला हाताच्या बोटांवर मोजता येतील.

दप्तरदार
इथे सगळे हौशी बोलताहेत, मी गरजू लोकांबद्दल बोलतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा भाव काय झाला ते आठवा. जात पडताळणीत इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा दाखला लागतो. शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर गाव नमुना १४, कोतवाल बुक या गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. वंशावळ अर्जदार शपथपत्रावर देतो. ती कुणी लावली, त्याची पदवी काय, कुणी विचारत नाही. तिथे कागदाला मान आहे, माणसाला नाही. म्हणून पोरांनी पुराभिलेखवाल्यांचा मोडीचा वर्ग करावा, परीक्षा द्यावी. त्या प्रमाणपत्रावर तरी चूल पेटते.

रिकामा_खिसा
+१. पेटते म्हणजे धुमसते, पण असो.

हडसनकाठ
दप्तरदार, कागदाला मान हे मान्य. पण एकाच गावात 'गणेश विष्णू' तीन असतात तेव्हा काय करता? आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला. विष्णू गणेश, गणेश विष्णू, पुन्हा विष्णू गणेश. त्यात दोघे चुलतभाऊ एकाच आजोबांच्या नावाचे. मी त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा उपाध्यायांनी यात्रेकरूंच्या नोंदींची लांबडी वही उघडली आणि बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचे खापरपणजोबा." शाई फिकी, मोडी सही, पुढे गावाचं नाव. अंगावर काटा आला. मग खाली पाहिलं, तर त्याच पानावर त्याच नावाची दुसरी सही, अक्षर वेगळं. उपाध्याय म्हणाले, "दोघेही तुमचेच की!" पण माझे कोणते, हे ठरवायला चौदा महिने लागले.

दप्तरदार
कसं ठरवलं?

हडसनकाठ
एका सहीपुढे बरोबर कोण आलं ते लिहिलं होतं: 'मातोश्री समवेत'. माझ्या खापरपणजोबांची आई त्याआधीच गेलेली होती, हे घरातल्या श्राद्धाच्या तिथ्यांच्या वहीत सापडलं. म्हणजे दुसरी सही माझ्यांची. बाडात तेच प्रकरण टाकतोय.

मोडीवाला
हे झकास. पण श्राद्धाची वही अमेरिकन परीक्षकाला समजावणार कशी, ते आधी लिहून पाहा. तिथीवरून इंग्रजी तारीख काढताना अधिक महिना विसरू नका.

कोकणातली_सून
हडसनकाठ, त्या चुलत आजेसासूबाईंच्या धाकट्या मुलीची १९३१ सालची लग्नपत्रिका माझ्याकडे आहे. वडिलांचं नाव छापलंय. पुरावा म्हणून चालेल का? मला ते 'निपुत्रिक' खोडायचंय.

हडसनकाठ
चालेल. मागची कोरी बाजूही स्कॅन करा, पुष्कळदा तिथे पेन्सिलीने आहेराचा हिशेब असतो. आणि वृत्तांतातलं ते पान जपून ठेवा, खोडू नका.