नात्यात निरपेक्ष भक्ती: साधना की स्वतःचीच फसवणूक?

वाटसरू: नारदभक्तिसूत्रं, म्हणजे भक्तीवरची जुनी संस्कृत सूत्रं, खऱ्या प्रेमाची खूण सांगतात ती समोरच्याच्या सुखात सुख मानण्याची, आणि दाखला देतात गोपींचा. मला वाटतं, जोडीदार, भावंडं, मित्र यांच्याशीही ही साधना करता येते. बहुतेक नाती हिशेबापायी नासतात. फोन नेहमी मीच करायचा, माघार मीच घ्यायची! ही वहीच मिटवून टाकायची. समोरचा बदलो न बदलो, आपला अहंकार तरी झिजतो. तुम्हाला काय वाटतं?

कडूकारलं: गोपींचा दाखला अर्धाच दिलात. तीच सूत्रं बजावतात की गोपींना कृष्णाच्या माहात्म्याचा विसर पडला नव्हता. ते भान नसतं तर ते जारप्रेमच, म्हणजे परपुरुषाशी चोरटं प्रेमच, ठरलं असतं. म्हणजे समोर कोण आहे, हे बघायचंच असतं. देव भक्तीचा गैरफायदा घेत नाही, माणूस सर्रास घेतो.

सांजवेळ: माझ्या मावशीच्या नवऱ्याला विस्मरणाचा आजार आहे. ती गोळी भरवते, ते थुंकतात आणि "बाई, तुम्ही कोण?" असं विचारतात. ती त्यांची हनुवटी पुसते, दुसरी गोळी काढते आणि पुन्हा शेजारी बसते. परतफेडीचा प्रश्नच उरलेला नाही. याला भक्ती नाही तर काय म्हणायचं?

कडूकारलं: मावशींना नमस्कार. पण ते आजारी आहेत हो. धडधाकट माणूस उठसूट टाकून बोलत असेल, तिथेही हेच सांगणार?

पोथीवाचक: संत बहिणाबाई आठवल्या. कीर्तनाला जातात म्हणून नवऱ्याने मारलं, हे त्यांनी स्वतःच अभंगांत लिहून ठेवलंय. त्यांनी नवऱ्याची सेवा सोडली नाही, पण त्याच्या रागापायी गुरू मानलेल्या तुकोबांनाही सोडलं नाही. आणि भक्ती म्हणजे गप्प बसणं, हे कुणी ठरवलं? जनाबाई तर थेट विठ्ठलाला शिव्या घालते!

वाटसरू: हे पटलं. भांडण भक्तीत बसतं. माझा आक्षेप फक्त वसुलीला आहे. मारहाण होत असेल तर आधी घराबाहेर पडावं. माया काय, दुरूनही करता येते.

कडूकारलं: मग एवढंच सांगा, ही साधना घरात कायम एकाच्याच वाट्याला का येते? दोघं करणार असतील तर माझी हरकत नाही.

वाटसरू: दोघांनी केली तरच करायची म्हटलं, तर ती अटच झाली की!

कडूकारलं: झाली तर झाली. मला अट चालते.